अंगठीची आतली बाजू

कुठलीही जुनी अंगठी माझ्या हातात द्या. भिंग डोळ्याला लावून आतल्या अंगाचे शिक्के एकदा पाहिले, की ती कुठल्या गावात घडली, कुणी घडवली, आणि घडवणारा त्या दिवशी कामाला किती कंटाळला होता हेसुद्धा मी सांगतो. यातलं शेवटचं थोडं वाढवून सांगितलंय, पण पहिल्या दोन गोष्टींना बर्मिंगहॅमच्या सराफ गल्ल्यांत कुणीही मान डोलावेल. माझं निम्मं आयुष्य तिथं अंगठ्यांना उजाळा देण्यात गेलंय. या धंद्यातला पहिला धडा मी शिकलो आणि पुढं नव्या कारागिरांना शिकवला: दुसऱ्याची अंगठी आपल्या बोटात घालायची नाही. सुजल्या बोटांत अडकलेल्या कितीतरी अंगठ्या मी कापून काढल्या, आणि कापताना दर वेळी त्या बिचाऱ्यांना ऐकवलं, "अहो, आधी डोकं घालायचं, मग बोट!"

तर आता ऐका.

आमची ख्रिस्ती मंडळी बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागात, एका बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये भरते. आमच्यात अंगावर सोनं घालत नाहीत, लग्नाची अंगठीसुद्धा नाही. आठवडाभर सोन्याच्या धुळीत लोळणारा मी, रविवारी ब्रशनं नखं घासघासून जातो, कारण मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मदर पिनक दारातच उभ्या असतात आणि त्यांची नजर पाहुण्याच्या दातातलं सोनंही टिपते. एवढं असून मी एक रविवार चुकवत नाही. कारण आमचे पाळक डंक्ली. ते प्रवचन सुरू करतात तेव्हा एखादा माणूस बसचं वेळापत्रक वाचून दाखवतोय असं वाटतं. मग कुठंतरी एक शब्द लांबतो. दुसरा त्याला टेकतो. पाळकसाहेबांची टाच लाकडी फळीवर पडायला लागते, बोलण्याला सूर लागतो, मंडळी ओळीओळीला उत्तर देते, आणि डफली वाजवायला मी असतो. अशा वेळी मला वाटतं, स्वर्गात गेल्यावर मला दुसरं काही दिलं नाही तरी चालेल. मागच्या बाकावर जागा आणि एक डफली द्यावी.

मंडळीत जाण्याचं दुसरं कारण गायकवृंदात दुसऱ्या रांगेत उभं असतं. सिस्टर इसिल्डा ईबँक्स. शिवणकाम करतात, लग्न केलेलं नाही, आणि त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला, गुळाच्या पाकासारखा. मी विधुर. यात अडचण काही नसावी, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्यात सगळे पुरुष ब्रदर आणि सगळ्या बायका सिस्टर. 'सिस्टर' म्हणून हाक मारल्यावर पुढचं वाक्य नेमकं कुठून सुरू करायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही. त्यामुळं मी आजवर त्यांच्याशी हवेबद्दल बोलत आलो. आमच्या गावात हवा वाईट असते, तेवढाच आधार.

एका गुरुवारी प्रार्थना आटोपल्यावर सिस्टर इसिल्डा आपण होऊन माझ्याकडे आल्या. हातात कोकोचा डबा होता.

"ब्रदर लेबर्ट, तुम्हाला म्हणे अंगठ्यांचे शिक्के वाचता येतात."

"थोडेफार," मी म्हणालो. अशा वेळी मी नम्र होतो. बढाई मग जास्त मुरते.

डब्यात जायफळं होती, आणि जायफळांच्या तळाशी रुमालात गुंडाळलेलं, पुरुषी मापाचं सोन्याचं वळं. आतून काळंकुट्ट झालेलं.

"पप्पांचं," त्या म्हणाल्या. "मी बोटीवर चढले त्या दिवशी धक्क्यावर त्यांनी स्वतःच्या बोटातून काढून माझ्या मुठीत दिलं. तिकडं आपल्या बेटावर, ब्लॅक रिव्हर गावात त्यांचं सोनाराचं छोटंसं दुकान होतं. मी इथं सगळ्यांना सांगत आले, हे माझ्या पप्पांनी घडवलंय. आणि आता तिकडून चुलत बहीण आलीय. ती म्हणते, काकांनी जन्मात अंगठी घडवली नाही, लोकांची तुटकी सांधायचे फक्त."

"तिला काय कळतंय?"

"तिला नाही कळत आणि मलाही नाही. म्हणून तर तुमच्याकडे आले." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "मला परत जायला जमलं नाही, ब्रदर. ते गेले तेव्हाही नाही. त्यांच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे. नसेल, तर तेही एकदा कळू दे."

"रविवारी उपासना संपली की सांगतो."

"नक्की?"

"सिस्टर, हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ."

खरं तर त्याच संध्याकाळी पाहून टाकता आलं असतं. पण डबा घरात होता तोवर त्यांच्या घरातलं काहीतरी माझ्या घरात होतं. मी तो स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसून जेवलो. जायफळाचा वास येत होता. आमच्याकडे असा वास फक्त आई लापशी करायची तेव्हा यायचा. मग शुक्रवारीही तसाच जेवलो.

शनिवारी मात्र बाह्या सरसावल्या. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. काजळी निघाली आणि वळं असं हसलं की बस. आता फक्त भिंग लावायचं. भिंग होतं कोटाच्या खिशात, कोट बाहेर खुंटीवर, आणि माझ्या हातात साबणानं बुळबुळीत झालेली इसिल्डाबाईंच्या वडिलांची अंगठी. मोरीच्या भोकाला जाळी नाही. ओटा उतरता. ठेवायची कुठं? सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून मी ती घटकाभर डाव्या हाताच्या अनामिकेत सरकवली. साबणामुळं लोण्यासारखी गेली.

आणि मग भिंग आणायला जायचं, ते मी गेलो नाही. हात दिव्याखाली धरून उभा राहिलो. एकदा लांबून पाहिला, एकदा जवळून. किटली शिट्टी मारायला लागली तरी पाहतच होतो. शेवटी तोंडातून निघून गेलं, "इसिल्डा." सिस्टर न लावता. किटलीशिवाय कुणी ऐकलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. साबण वाळला. मी अंगठी ओढली, पेरावर अडली. पुन्हा साबण लावला. मग खोबरेल. मग लोणी. मग नळाचं गार पाणी, पुन्हा लोणी. रात्री झोपताना बोट भाजायला ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि सकाळी ते बोट राहिलंच नव्हतं, वांगं झालं होतं. अंगठी कापायची दातेरी चाकाची कातर माझ्या मागच्या खोलीत होती. पण कापणार कुठं? शिक्का आतून माझ्या कातडीला चिकटलेला. कातरीचं चाक नेमकं त्याच्यावर बसलं, तर इसिल्डाबाईंच्या पप्पांचं नाव मीच खरवडून टाकलं असतं.

मी लोकरी हातमोजे चढवले आणि उपासनेला निघालो.

दारात मदर पिनक. "मोजे कशाला रे?"

"थंडी, मदर."

"आत हीटर आहे."

"हीटर मागच्या हिवाळ्यात बंद पडला, मदर."

त्यांनी हीटरची आठवण काढून सुस्कारा सोडला आणि मला आत सोडलं. गायकवृंदातून सिस्टर इसिल्डांनी भुवया उंचावून विचारलं: काय झालं? मी मान हलवली. ती 'होय' होती की 'नाही', हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी मात्र छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी विषय काढला तो बोटीचा. आम्ही सगळे ज्या बोटींनी आलो, त्या बोटींचा. सुरुवात नेहमीसारखीच वेळापत्रकाची. मग हळूच म्हणाले, "सामान किती होतं हो तुमचं? एकच बॅग ना?"

"एकच," मागून कुणीतरी म्हणालं.

"एका बॅगेत काय काय मावलं?" टाच फळीवर पडली. "आई मावली का?"

"नाही मावली!" मंडळी म्हणाली.

"दारचा आंबा मावला काऽऽ?"

"नाही मावला!"

"पहाटेचा कोंबडा, ओढ्याचं पाणी, बापाचा हात, काही मावलं काऽऽऽ?"

आता सूर लागला होता. एकेका वस्तूला पाळकसाहेब वर वर चढत होते आणि आम्ही खालून त्यांना धरत होतो. माझ्या समोरचा बस ड्रायव्हर ब्रदर मान खाली घालून नुसता "आंबा, आंबा" म्हणत रडत होता. अशा वेळी डफली थांबवणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मी वाजवत होतो, डाव्याच हातानं, मोज्यासकट. दर ठोक्याला बोटातून जी कळ जायची ती थेट मेंदूत. मी ओठ चावत होतो, डोळे फिरवत होतो, मधूनच कण्हत होतो.

"ब्रदरवर पवित्र आत्मा उतरलाय आज," शेजारचे म्हणाले आणि त्यांनी आदरानं थोडी जागा केली.

बोट फुटतंय असं वाटायला लागलं, तेव्हा मला आमच्या धंद्यातला दुसरा धडा आठवला: सूज उतरायची तर हात छातीच्या वर धरावा. मी डफली मांडीवर ठेवली आणि डावा हात सरळ वर केला.

नेमके त्याच क्षणी पाळकसाहेब गात होते, "आणि कुणी लपवून काही आणलं असेल, अजून उराशी धरून बसलं असेल, त्यानं हात वर कराऽऽ!"

अख्ख्या हॉलमध्ये एकच हात वर होता. लोकरीच्या मोज्यातला.

"हालेलुया!" पाळकसाहेब पायऱ्या उतरून आले. "ब्रदर लेबर्ट! इतकी वर्षं डफली वाजवली आणि आज स्वतः पुढं आला!" त्यांनी मला बखोटीला धरून समोर नेलं. मी "पाळकसाहेब, हे आपलं सुजेसाठी..." असं म्हणत होतो, पण मंडळी गात होती. प्रार्थनेसाठी हातात हात घ्यायचा म्हणून पाळकसाहेबांनी माझा मोजा ओढला. लोण्यामुळं तो एका झटक्यात निघाला.

गाणं थांबलं. खिडकीतून जेवढं ऊन येत होतं तेवढं सगळं त्या अंगठीवर पडलं.

"सोनं," मदर पिनक दारातून म्हणाल्या. त्या पुढं आल्या तेव्हा त्यांच्या टोपीवरचं पीसही थरथरत होतं. "त्याच बोटात! लेबर्ट, तू लग्न केलंस? मंडळीला न विचारता?"

"नाही, मदर."

"मग ही घातली कुणी तुझ्या हातात?"

"मीच."

हे खरं होतं, पण ऐकायला फार वाईट वाटलं. पाळकसाहेबांनी माझा हात सोडला. प्रवचन चालू असताना कधी घड्याळाकडे न पाहणारे लोक छताकडे पाहायला लागले. मला अंगठीच्या मालकिणीचं नाव घेता येईना. मंडळीतल्या बाईनं घरात सोनं ठेवलंय हे मदर पिनकना माझ्या तोंडून कळायला नको होतं. मी तसाच उभा राहिलो, हात अजून वरच.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"ती अंगठी माझी आहे."

सिस्टर इसिल्डा उभ्या होत्या. आणि मग जो गलका उठला! कुणी माझी डफली वाजवायला घेतली. दोन बायकांनी सिस्टर इसिल्डांना मिठी मारली. केकसाठी मनुका आजच भिजत घालते, असं एकीनं जाहीर केलं. बस ड्रायव्हर ब्रदरनं मला उचललं. खुद्द मदर पिनक म्हणाल्या, "सोनं आम्हाला नको, पण लग्न होतंय ते चांगलं आहे."

मी कुणाला काही बोललो नाही. खरं सांगतो, बोलावंसंच वाटलं नाही. ब्रदरच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं: हॉल, बायकांच्या टोप्या, मंडळीच्या मधोमध सिस्टर इसिल्डा. तेवढ्यात मनातल्या मनात माझ्या स्वयंपाकघरात दुसरी खुर्चीही आली होती.

"लग्न?" सिस्टर इसिल्डांचा आवाज घुमला. "ह्यांच्याशी? अहो, मी ह्यांना शिक्का वाचायला दिली होती अंगठी. माझ्या पप्पांची आहे. ब्रदर लेबर्ट, ती तुमच्या बोटात काय करतेय?"

बस ड्रायव्हर ब्रदरनं मला खाली ठेवलं. बेताबेतानं, एखादी परत करायची वस्तू ठेवावी तसं.

मी मोरीच्या भोकाचं सांगितलं. उतरत्या ओट्याचं सांगितलं. किटलीचं सांगितलं नाही.

उपासना कशीबशी उरकल्यावर आम्ही माझ्या घरी आलो. मदर पिनकही आल्या, कारण दोन एकटी माणसं आणि एक सोन्याची अंगठी यांना एका छपराखाली सोडायला त्या तयार नव्हत्या. मी त्यांना घरातली एकुलती खुर्ची दिली, मांडीवर नारळाच्या दुधातल्या राजमाभाताची बशी दिली आणि मागच्या खोलीत दिवा लावला.

"कापावी लागेल," मी म्हणालो. "आणि कापावी तुम्हालाच लागेल. एका हातानं कातर धरायची, दुसऱ्यानं चाक फिरवायचं, आणि माझा दुसरा अंगठीतच अडकलाय."

"कापताना पप्पांचा शिक्का गेला तर?"

"तर बोट कापू."

सिस्टर इसिल्डांनी यावर विचार केला. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ केला.

"कुठं कापायचं?" त्यांनी विचारलं.

"अंगठीला थोडं तेल लावा. आता कडेनं बघत हळूहळू फिरवा. कुठं केसासारखी फिकट रेघ दिसते का?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. इतकी वर्षं मी या घटकेची मनात तालीम केली होती. त्या तालमीत त्यांच्या दुसऱ्या हातात दातेरी चाक नव्हतं, आणि माझं बोट वांग्यासारखं नव्हतं. त्यांची बोटं सुईदोऱ्याची, खरखरीत आणि स्थिर. अंगठी फिरवताना त्यांचा श्वास माझ्या मनगटावर येत होता. मी हवेबद्दल काहीतरी बोललो.

"गप्प बसा, ब्रदर. ही बघा, रेघ."

"तो डाख आहे. इथं कुणीतरी पूर्वी कापून पुन्हा जोडलीय. जोडाच्या जागी शिक्का नसतो. तिथंच कापा."

"दुखेल का रे?" बाहेरून मदर पिनक म्हणाल्या.

"नाही, मदर."

"मग जरा दुखू दे," त्या म्हणाल्या आणि भाताकडे वळल्या.

कातर करकरली. अंगठी उघडली आणि बोटात रक्त धावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं, ते मी तपासलं नाही. वळं चिमट्यात धरलं, भिंग डोळ्याला लावलं.

सिस्टर इसिल्डा माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

पहिला शिक्का लगेच दिसला. जहाजाचा नांगर. आमच्या गावाच्या जवळपासही समुद्र नाही, पण बर्मिंगहॅमच्या सोन्यावर शिक्का असतो तो नांगराचाच. शेजारी छोट्या चौकटीत कारखान्याची अक्षरं. तो कारखाना माझ्या ओळखीचा होता. मी रोज त्याच्यावरून कामाला जातो, आता तिथं खोक्यांचं गोदाम आहे.

खोटं सांगणं सोपं होतं. "होय सिस्टर, तुमच्या पप्पांचाच शिक्का," एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मला जेवायला बोलावलं असतं. पण रविवार होता, आणि कानात अजून पाळकसाहेबांचा सूर होता.

"इथली आहे, सिस्टर," मी म्हणालो. "दोन गल्ल्यांपलीकडची. आपण यायच्या कितीतरी आधी बोटीतून तिकडे गेली असणार. पप्पांनी घडवलेली नाही."

त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी घर म्हणून जे उराशी धरलं, ते ह्याच गावचं होतं. हे परत आलं आपल्या घरी. मीच राहिले."

काही सुचलं नाही की मी अंगठी पाहतो. भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, आणि कापलेल्या जोडाच्या अगदी शेजारी काहीतरी दिसलं. शिक्का नव्हे. सुईनं ओरखडलेली खूण: एक उभी रेघ आणि तिला मासळीच्या काट्यासारख्या दोन तिरप्या. सांधणारे कारागीर अशी खूण करतात. अंगठी कधी फिरून आपल्याकडे आली, तर जोड आपला हे कळावं म्हणून. ती कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. ज्याची त्यालाच माहीत.

"सिस्टर, हे बघता का जरा?"

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. वळं दिव्याजवळ नेलं.

"हा आमच्या शेळीचा कान आहे," त्या म्हणाल्या.

"काय म्हणतेय ती?" मदर पिनकनी विचारलं.

"आमच्या शेळ्यांच्या कानावर पप्पा हीच खूण करायचे, मदर. बादलीवर. कुदळीच्या दांड्यावर. माझ्या शाळेच्या बुटांच्या तळव्यावरसुद्धा. चिखलात माझ्या पावलागणिक ही खूण उमटायची आणि पोरं ओरडायची, ईबँक्सची शेळी गेली, ईबँक्सची शेळी गेली. मी रडत घरी यायचे. पप्पा म्हणायचे, असू दे, हरवलीस तर सापडशील." त्या हसत होत्या आणि गाल पुसत होत्या. भिंग काही डोळ्यावरून काढत नव्हत्या. "त्यांचं बोट जाड होतं. आपल्या मापाची करून घेतली असणार."

"जोड बघा तो," मी म्हणालो. "तेल लावून, दिव्याखाली फिरवली तेव्हा कुठं सापडला. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, माझा एवढा बारीक येत नाही. तुमच्या बहिणीला सांगा, 'सांधायचे फक्त' म्हणताना त्यातलं 'फक्त' गाळत जा."

सिस्टर इसिल्डांनी वळं माझ्या तळहातावर ठेवलं. "आता तुम्ही सांधा. पण त्यांच्या खुणेला झळ लागता कामा नये."

रविवारी आमच्यात काम करत नाहीत. मी मदर पिनकांकडे पाहिलं. त्या बशी रिकामी करून डोळे मिटून बसल्या होत्या. "मी प्रार्थना करतेय," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मला काही दिसत नाही."

मी फुंकणी घेतली. जन्मात कुठल्या अंगठीला इतका जपलो नाही. जोड बसला, घासला, धुतला. वळं पुसून समोर धरलं. बोटात घातलं नाही.

सिस्टर इसिल्डांनी आत पाहिलं. "तुमची खूण?"

"नको, सिस्टर. तुमच्या पप्पांच्या शेजारी मी कशाला?"

"जोड तुमचा आहे ना? मग करा. पुढं कुणाला कळणार कसं?"

मी सुई घेतली. माझी खूण साधी आहे, दोन टिंबं आणि एक आडवी रेघ. त्यांच्या पप्पांच्या काट्याशेजारी, मधे केसभर जागा ठेवून, ती कोरली. सिस्टर इसिल्डांनी वळं रुमालात गुंडाळलं, रुमाल डब्याच्या तळाशी ठेवला, वर जायफळं ओतली, आणि झाकण लावून मदर पिनकना हात देत त्या निघाल्या. दारात वळून म्हणाल्या, "हवा बरी होईल असं दिसतंय, ब्रदर."

त्या सिस्टरनं भिजत घातलेल्या मनुका मंडळीला पुढं ईस्टरच्या केकमध्ये खाऊन संपवाव्या लागल्या. मी अजून ब्रदरच आहे. डफली वाजवतो, आणि दुसऱ्या रांगेतला खालच्या पट्टीतला आवाज ऐकतो. घरात दुसरी खुर्ची अजून आलेली नाही. पण हँड्सवर्थमधल्या एका स्वयंपाकघरात, फळीवर, कोकोच्या डब्यात, जायफळांच्या खाली, रुमालाच्या आत, एका वळ्याच्या आतल्या अंगाला मी त्यांच्या वडिलांच्या अगदी शेजारी बसलोय. मधे केसभर जागा आहे, ती मीच सोडली होती.